लिपात्तीचे शूमान-वादन : संयमाचा अर्थ

रॉबर्ट शूमान याचा ए मायनरमधील पियानो-काँचेर्टो वादकाच्या कौशल्यप्रदर्शनास बेताचाच वाव देतो. १८४१ मधील एका स्वतंत्र फँटसीला १८४५ मध्ये आणखी दोन भाग जोडून तो पूर्ण झाला. आरंभीच्या पियानोच्या आवेशयुक्त स्वरपुंजांनंतर मुख्य स्वरवाक्य प्रथम ओबो उच्चारतो. पियानो ते मागाहून घेतो. दुसऱ्या भागात चेलो गातात व पियानो त्यांच्याभोवती गुंफण करतो. पहिल्या भागातील कॅडेन्झाही शूमानने वादकाच्या मर्जीवर न सोडता स्वतःच लिहून ठेवला आहे. सारांश, येथे मुख्य वादकाला वारंवार साथीदार व्हावे लागते.

दिनू लिपात्ती या रुमानियन वादकाची थोरवी ही भूमिका मनःपूर्वक स्वीकारण्यात आहे. कारायानच्या संचालनाखालील १९४८ चे ध्वनिमुद्रण आणि आन्सर्मेच्या संचालनाखाली फेब्रुवारी १९५० मध्ये जिनिव्हात झालेले वादन, या दोहोंत त्याचा पियानो ओबोला केवळ उत्तर देत नाही, तर त्याचेच वाक्य पुढे नेतो. कॅडेन्झातही तो टाळीची याचना करीत नाही.

२ डिसेंबर १९५० रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, दीर्घ आजाराने लिपात्ती निवर्तला. म्हणून त्याच्या संयमात मृत्यूची छाया शोधण्याचा मोह होतो. परंतु चरित्रातील कारुण्य वादनावर लादणे ही समीक्षा नव्हे. त्या संयमाचे कारण शूमानच्या रचनेतच आहे. गायकाच्या आलापाला वाट देणाऱ्या संवादिनीवादकाला मराठी रसिक दुर्बल म्हणत नाही; लिपात्तीलाही तोच न्याय लावणे उचित होय.