‘एकच प्याला’ आणि निवडीचा विवेक

राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजीं नागपूरजवळच्या सावनेर येथें निवर्तले. ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आलें. सुधाकराच्या अधःपाताचें त्यांतील चित्र आजही काळजास भिडतें. तथापि या नाटकास सर्व मद्य सारखेंच. तेथें निवडीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. 2001 च्या शासकीय धोरणानंतर नाशिकच्या वाइनचा प्रसार वाढला. ती आतां भेटीदाखल दिली जाते, उपाहारगृहांत मागविली जाते. आणि नवशिका केवळ किंमत पाहून बाटली उचलतो. वस्तुतः त्यानें ताटांतील पदार्थ पाहावा. सावजी रश्शाच्या तिखटावर तुरट लाल वाइन अधिकच झोंबते. थंड, किंचित् गोडसर शेनिन ब्लां त्याहून बरी. भेट देतांना मात्र आधीं घर पाहावें. तळीराम सुधाकरास पहिला प्याला देतो तो दुःखावरील उतारा म्हणून. गडकऱ्यांचा खरा रोख या आग्रहावर आहे. म्हणून जेथें वाइन चालत नाहीं, तेथें संत्राबर्फी न्यावी. हें नाटक आपणांस चव शिकवीत नाहीं, ही त्याची मर्यादा. परंतु आग्रह न करण्याचें शील शिकवितें, आणि सुज्ञ निवडीचा आरंभ तेथूनच होतो.