पाय बरा होतो, कर्ज तसेच राहते

अलीशा संदेष्ट्याकडे एक विधवा येते. नवरा कर्ज मागे ठेवून वारला आहे आणि सावकार तिची दोन्ही मुले गुलाम म्हणून न्यायला निघाला आहे. बायबलच्या काळातल्या गरीब मुलांविषयी कादंबरी लिहू पाहणाऱ्याने 2 राजे, अध्याय 4 मधली ही सात वचने आधी वाचावीत. चमत्कार इथेही घडतो, बुधलीतले तेल भांड्यामागून भांडी भरत राहते. पण अलीशाचे शेवटचे शब्द व्यवहाराचे आहेत: तेल वीक, देणे फेड, उरेल त्यावर मुलांना घेऊन जग.

या विषयावरच्या इंग्रजी कथालेखनाने तो व्यवहार फार लवकर सोडून दिला. लू वॉलेसच्या 'बेन-हर'नंतर (1880) येशूच्या काळातल्या कथांना मोठा वाचकवर्ग मिळाला आणि अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांसाठी अशी पुस्तके निघू लागली. अ‍ॅनी फेलोज जॉन्स्टनचे 'जोएल: अ बॉय ऑफ गॅलिली' आणि फ्लॉरेन्स मोर्स किंग्जलीचे 'टायटस' ही त्यातलीच, 1890 च्या दशकातली. दोन्हींत एक अधू मुलगा आहे आणि दोन्हींत येशू त्याला बरे करतो. श्रद्धेविषयी माझी तक्रार नाही. तक्रार ही, की मुलाचे दारिद्र्य त्याच्या पायात साठवले जाते आणि पाय सरळ झाला की भाकरीचा प्रश्न कुणी विचारत नाही.

गालीलातली मुले उपाशी राहत ती करांमुळे, खंडाने कसलेल्या जमिनीमुळे, एखाद्या बुडालेल्या हंगामामुळे. 1986 मध्ये गालील समुद्राच्या गाळातून त्या काळातली एक होडी निघाली, सुमारे आठ मीटर लांबीची. ती निरनिराळ्या जातींच्या लाकडांनी ठिगळे लावत चालवलेली होती, काही फळ्या तर जुन्या होड्यांच्या. अशा होडीत बापाबरोबर जाणाऱ्या पोराचे जगणे एवढ्यावरूनही लिहिता येईल.

एलिझाबेथ जॉर्ज स्पिअरच्या 'द ब्राँझ बो'ला (1961) या जगण्याची जाण आहे. पुढच्याच वर्षी या कादंबरीला न्यूबेरी पदक मिळाले. तिच्या नायकाच्या, डॅनियलच्या, बापाला रोमनांनी क्रुसावर दिले. पोर लोहाराकडे बांधले गेले, तिथून पळाले आणि डोंगरातल्या बंडखोरांना मिळाले. बहीण लेआ त्या धक्क्याने उंबरठा ओलांडत नाही. घरात बसून विणते, तेवढीच तिची कमाई. स्पिअर भात्याजवळचे काम आणि मागावरचे काम मनापासून लिहिते. ज्या बंडखोरांवर डॅनियलचा जीव आहे ते गरीब शेतकऱ्यांचीच मेंढरे पळवतात, हे त्याला हळूहळू उमगते, तो या पुस्तकाचा सर्वांत खरा भाग. शेवटी लेआ बरी होते, पण तोवर लेखिकेने त्या घराची झीज पुरती दाखवलेली असते.

याच कादंबरीतला एक दोष मात्र सबंध परंपरेचा आहे. इथले परूशी बहुधा रुक्ष आणि तुच्छतेने बोलणारे. ही मुले यहूदी होती आणि त्यांच्या गरिबीला आधार देणारा नियमही यहूदीच होता. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या, असे लेवीय सांगते. येशूच्या आईने, मरीयेने, मंदिरात दिलेले अर्पण कोकरू न परवडणाऱ्या घराचे होते, पाखरांच्या जोडीचे. हा धर्म काढून टाकला की येशूची करुणा आभाळातून पडल्यासारखी दिसते.

लॉइड डग्लसच्या 'द रोब'मधली (1942) मिर्याम मला म्हणूनच मोलाची वाटते. तिचे पाय बरे होत नाहीत, तिला गाता येऊ लागते. जियान कार्लो मेनोटीची 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' ही संगीतिका (1951) टेलिव्हिजनसाठीची. तीही कुबडी आणि चमत्काराचीच, पण त्याआधी अमालची विधवा आई पोरासाठी, येशूबाळाकडे जाताना तिच्या घरी मुक्कामाला थांबून झोपलेल्या राजांच्या सोन्याला हात घालते. भूक माणसाला काय करायला लावते हे तिथे लहान मुलालाही कळते, आणि तिला दुष्ट ठरवायची गरज मेनोटीला वाटत नाही.

पॅट्रिशिया सेंट जॉनने 'ट्वाइस फ्रीड'मध्ये कलस्सैच्या फिलेमोनाचा गुलाम अनेसिम नायक केला. गुलामी स्पर्शाने बरी होत नाही, मालकाला सोडावे लागते. 'ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन' अशा अर्थाचे पौल फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात म्हणतो. हा विषय निवडण्यातच लेखिकेची समज दिसते. मोरोक्कोत मिशनरी परिचारिका म्हणून काम करताना तिने गरीब मुले जवळून पाहिली होती, त्याचाही यात वाटा असावा.

या लेखनाला पुढे जायचे असेल तर सेनापती नामानाच्या घरातल्या दासीपासून सुरुवात करावी. इस्राएलातून पळवून आणलेल्या त्या मुलीच्या एका वाक्यामुळे सेनापतीचे कोड गेले. तो भेटी घेऊन निघतो, बरा होतो, परततो. तिला घरी पाठवल्याचे 2 राजेच्या पाचव्या अध्यायात कुठेही नाही.