डोळा, काच आणि घरटे

चित्रकार पक्ष्याला आपल्या सोयीच्या फांदीवर बसवू शकतो. कवी त्याच्या तोंडी हवे ते शब्द घालू शकतो. छायाचित्रकाराला मात्र असले काही करता येत नाही, अशी आपली समजूत असते. जे समोर होते तेच काचेतून आत आले, मग त्यात खोटे ते काय, असे म्हणून आपण पान उलटतो. रानपक्ष्यांची अगदी जवळून घेतलेली छायाचित्रे आज दिनदर्शिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांचे कौतुक पुष्कळ होते. परीक्षण मात्र क्वचितच होते. कवितेला आणि कथेला जे प्रश्न आपण बेधडक विचारतो, ते या चित्रांनाच का विचारू नयेत?

या कलेचा आरंभ मोठा गमतीचा आहे. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे यॉर्कशायरमधल्या शेतकरी घरातले दोघे भाऊ. त्यांनी 1892 साली अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि एका नव्या कलेला वाट करून दिली. पुढे 1900 च्या सुमारास त्यांनी एक पोकळ बैल बनविला. वरून खरे कातडे, आत लाकडी सांगाडा, आणि सांगाड्यात कॅमेरा घेऊन अवघडून बसलेला माणूस! थोरला भाऊ आत असताना एकदा हा बैल चारी पाय वर करून उलथला, आणि धाकट्याने आधी त्याचेच छायाचित्र घेतले म्हणतात. हसू येते खरे. परंतु या हास्यास्पद बैलाच्या पोटात त्या कलेचे मूळ सूत्र दडलेले होते. पक्षी जवळून पाहायचा असेल, तर माणसाने आधी नाहीसे झाले पाहिजे.

पुढच्या पिढीने बैल सोडला आणि कापडी लपण उचलले. ते प्रथम दूर उभे करायचे, आणि पक्ष्याला सवय होईल तसतसे थोडथोडे पुढे सरकवायचे. लपणात शिरताना दोघांनी जायचे आणि एकाने परत निघायचे. पक्ष्याची मोजणी इथे सहसा फसते. माणूस गेला असे समजून तो घरट्यावर परततो. म्हणजे जवळीक केवळ काचेची नव्हे, काळाचीही असते. ज्याने चार दिवस दिले त्याच्या चित्रात पक्षी आपल्या कामात असतो. ज्याने चार मिनिटे दिली त्याच्या चित्रात तो मान ताठ करून आपल्याकडे पाहत असतो. सामान्य प्रेक्षकाला दुसरे चित्रच अधिक आवडते. पक्षी आपल्याकडे पाहतो याचा त्याला आनंद होतो; ती नजर भीतीची आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

या कलेतले सर्वांत गाजलेले नाव इंग्लंडच्या एरिक हॉस्किंग यांचे. 1937 साली वेल्समध्ये रात्री लपणाकडे जात असताना एका घुबडाने त्यांच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. 1970 साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी नावात पक्ष्यांची पारख असलेली नजर आणि पक्ष्यापायी गेलेला डोळा, असे दोन्ही अर्थ खेळतात. ही हकिकत सहसा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. हॉस्किंगांच्या धैर्याविषयी शंका नाही. परंतु त्या कथेला दुसरीही बाजू आहे. घुबडाच्या लेखी तिथे कलावंत आलेला नव्हता, पिलांवर चालून आलेला एक भला मोठा प्राणी आला होता. त्या झडपेसारखे सडेतोड परीक्षण या कलेच्या वाट्याला पुन्हा आले नसेल!

हॉस्किंगांचे 1948 मधले गव्हाणी घुबडाचे चित्र जगप्रसिद्ध आहे. चोचीत भक्ष्य, दोन्ही पंख उंच पसरलेले, एखाद्या राजचिन्हावर कोरावे तसे ते घुबड समोरून येते. उडत्या पंखाचे पीस न् पीस फ्लॅशच्या क्षणार्धाच्या उजेडाने गोठवून दाखविले, हे त्याचे यश. पण दोषही तिथेच आहे. त्या लखलखाटात रात्र नाहीशी झाली. घुबड उरले, पण ज्या काळोखात आणि निःशब्दतेत ते जगते तो काळोख चित्राबाहेर राहिला. चिन्ह म्हणून चित्र थोर आहे. चरित्र म्हणून अपुरे आहे.

छायाचित्र खोटे बोलत नसेल, पण अर्धेच बोलते, याचा पुरावा आपल्या अंगणातलाच आहे. बहिणाबाई चौधरींनी सुगरणीला आणि तिच्या खोप्याला मराठी घराघरांत मानाचे स्थान दिले. शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे घर बांधणारी ती मादी हे आपण गृहीतच धरले. कॅमेरा ही चूक एका क्षणात दुरुस्त करतो, कारण गवताची काडी विणणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा, म्हणजे नर दिसतो. मग आपण लगेच दुसरी गोष्ट रचतो, संसारासाठी राबणाऱ्या एकनिष्ठ गृहस्थाची. तीही फसवी! 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला सालीम अलींनी लपणातून दिवसच्या दिवस पाहत राहून शोधून काढले, की नर खोपा अर्धवट बांधतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर आत मुक्काम करते. आणि नर तो पुरा करून दुसरीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. एका चित्रात हे मावत नाही. वर्तन म्हणजे एकामागून एक येणारी कृत्ये, आणि चित्र त्यांतले एकच उचलते. ते कोणते उचलायचे हे ज्याला कळते तो कलावंत, बाकीचे नेमबाज.

म्हणून चांगल्या चित्राची माझी कसोटी तीन प्रश्नांची आहे. पक्षी स्वतःच्या कामात आहे काय? त्याचे स्थळ, त्याचे ऋतुमान चित्रात आहे काय? आणि या चित्राची किंमत कोणी मोजली? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. घरटे नीट दिसावे म्हणून भोवतालच्या डहाळ्या छाटल्या की चित्र स्वच्छ येते; पण पिले उन्हात पडतात आणि कावळ्यालाही ती तितकीच स्वच्छ दिसतात. जुन्या लोकांचे कॅमेरे जड आणि मंद होते. पक्षी हमखास परतणारी जागा म्हणजे घरटेच, असा त्यांचा नाइलाज तरी होता. आज लांब पल्ल्याची भिंगे हाती असताना ती सबब उरलेली नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही धरले आहे. कायद्याने येथे कलासमीक्षकावर मात केली असेच म्हणावे लागेल!

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून मुलांना पक्ष्यांची चित्रे दाखवाल तेव्हा ‘किती सुंदर!’ म्हणून थांबू नका. तो पक्षी काय करीत आहे, हे मुलांनाच विचारा. उत्तर ‘दाणे टिपतोय’, ‘पिलाला भरवतोय’ असे आले तर चित्र चांगले. ‘आपल्याकडे बघतोय’ असे आले, तर त्या पक्ष्याला आपण क्षणभर का होईना त्रास दिला, एवढे त्यांच्या कानावर घाला.