गेजचे कॅलिब्रेशन कोण करणार?

बजाजनगरला 'तपासणी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले आणि त्यांच्या आधाराने ही वसाहत वाढली. बारावीच्या निकालानंतर मात्र याच घरांत वेगळ्या तपासणीची चर्चा सुरू होते : कोणत्या महाविद्यालयाला 'नॅक'ची कोणती श्रेणी आहे?

अशाच एका चर्चेत कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या एका पालकांनी आम्हांला विचारले, "सर, आमच्याकडे प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेली असते. तारीख उलटली की ते गेज बाजूला. मग कॉलेज मोजायचं गेज कोण तपासतं?" उच्च शिक्षणाच्या मूल्यांकनावरील इतकी नेमकी टीका आमच्या वाचनात क्वचितच आली असेल.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच नॅक, ही विद्यापीठ अनुदान आयोगाने 1994 मध्ये स्थापन केली. तिचे मुख्यालय बंगळूरला आहे. 2017 मध्ये आणलेल्या पद्धतीत सात निकषांवर एकूण 1000 गुणभार वाटलेला होता. संलग्न महाविद्यालयांसाठी त्यांतील 350 अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांना होते. महाविद्यालय स्वयं-अध्ययन अहवाल पाठवी, आकड्यांची पडताळणी होई, विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण होई आणि शेवटी तज्ज्ञांची समिती भेट देई. या सर्वांतून 4 पैकी एक आकडा निघे. 3.01 ते 3.25 म्हणजे 'ए', 3.26 ते 3.50 म्हणजे 'ए प्लस'.

येथे पहिला आक्षेप. साध्या फूटपट्टीने पेन्सिलीची लांबी 12.347 सें.मी. लिहिणाऱ्या मुलाला आपण थांबवतो, कारण फूटपट्टी मिलिमीटरपलीकडे काही सांगत नाही. मग 3.25 आणि 3.26 यांतील फरकाला अर्थ केव्हा येईल? मापनातील त्रुटी 0.01 पेक्षा कमी असेल तेव्हाच. पण श्रेणीच्या आकड्यापुढे अधिक-उणे त्रुटी छापलेली कधी दिसत नाही. प्रवेशद्वारावरच्या फलकावर तर आकडाही नसतो, फक्त अक्षर असते.

दुसरा आक्षेप दर्शकांसंबंधी आहे. तापमापकातील पारा ताप दाखवतो; पण कोणी तापमापकच कोमट पाण्यात बुडवला तर पारा चढेल, रुग्णाचे काय ते कळणार नाही. चांगले अध्यापन थेट मोजता येत नाही म्हणून कार्यक्रम, प्रबंध, परिसंवाद, छायाचित्रे मोजली जातात. त्यांवर बक्षीस ठेवले की छायाचित्रे वाढतात. एखादे माप हेच उद्दिष्ट बनले की ते माप म्हणून निकामी होते, हा धोका ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात दाखवला होता. तो महाविद्यालयालाही तितकाच लागू आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले एस. आर. डोंगरकेरी यांच्या कामाला कोणी दशांश चिन्हात गुण दिले नव्हते. आज श्रेणी ही प्राचार्यांच्या कारकिर्दीचीही गुणपत्रिका झाली आहे. 2018 च्या नियमांत प्राचार्यपद 5 वर्षांसाठी ठेवले गेले. पुढची 5 वर्षे कामगिरी पाहून. शिवाय तपासणी समितीत बसतात ते दुसरीकडचे कुलगुरू, प्राचार्य आणि प्राध्यापक. म्हणजे तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच शिडीवर उभे असतात. आज जो गुण देतो, त्याची संस्था उद्या गुण घेणार असते.

याचे परिणाम दिसलेही आहेत. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. भूषण पटवर्धन हे नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. काही संस्था गैरमार्गाने श्रेणी मिळवत असाव्यात, याची स्वतंत्र चौकशी व्हावी, अशी भूमिका घेऊन त्यांनी मार्च 2023 मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी डॉ. अनिल सहस्रबुद्धे आले. फेब्रुवारी 2025 मध्ये, आंध्र प्रदेशातील एका संस्थेला उच्च श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली. समितीचे अध्यक्ष स्वतः एका विद्यापीठाचे कुलगुरू होते. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. पण ज्या रचनेत असा मोह शक्य होतो, तिची चिकित्सा आपण करायलाच हवी.

नॅकचे श्रेयही मान्य केले पाहिजे. 1994 पूर्वी बाहेरच्या माणसाने महाविद्यालयाकडे समग्रपणे पाहण्याची सोयच नव्हती. ग्रंथालयात काय आहे, प्रयोगशाळेत काय नाही, याची लेखी नोंद अनेक ठिकाणी या निमित्ताने झाली. म्हणून मापन सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. मापन शास्त्रीय करा असे म्हणतो.

इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने सुचवलेली आणि जानेवारी 2024 मध्ये स्वीकारली गेलेली सुधारणा म्हणजे आधी फक्त 'अधिस्वीकृत' किंवा 'नाही', आणि पुढे पाच पायऱ्या. आमच्या त्या पालकांच्या भाषेत हे 'गो, नो-गो' गेज झाले. 3.25 आणि 3.26 चा खोटा काटेकोरपणा त्याने जाईल. पण गेज जर कागदच मोजत राहिले, तर कागदच पास होतील.

म्हणून आमची सूचना साधी आहे. काही महाविद्यालये निवडून दोन समित्यांनी, एकमेकींचे न पाहता, त्यांची तपासणी करावी आणि दोन्ही आकड्यांतील फरक जाहीर करावा. मापनाची पुनरावृत्ती करून पाहणे ही प्रयोगशास्त्राची पहिली अट आहे. फरक लहान निघाला तर टीकाकार गप्प बसतील. मोठा निघाला तर गेज दुरुस्तीला पाठवता येईल.

शिक्षकमित्रांनी हा प्रयोग शाळेतही करून पाहावा. एकच प्रश्नावली देऊन विद्यार्थ्यांच्या दोन गटांना आपल्याच प्रयोगशाळेचे स्वतंत्रपणे मूल्यांकन करायला सांगावे आणि गुणांतला फरक फळ्यावर लिहावा. तो पाहिलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारातल्या फलकाकडे पाहून आपोआप विचारील : अधिक-उणे किती?