संगणकधारकाचे अज्ञान : एक पुनर्विचार

संगणकधारकांस सुरक्षिततेचे ज्ञान नसते, ही तज्ज्ञांची नेहमीची तक्रार. कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मधील निबंधात ती तज्ज्ञांवरच उलटविली. सल्ले पाळण्यात जाणारा वेळ हाही खर्चच होय. टळणाऱ्या हानीपेक्षा तो अधिक असेल, तर सल्ला झुगारणारा अडाणी नसून व्यवहारी ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पासवर्डविषयी ते पटते. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचा आग्रह अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेनेच २०१७ मध्ये सोडला. (जुन्याच पासवर्डापुढे एकेक आकडा वाढवीत आलेल्यांना याचे नवल वाटू नये!)

परंतु त्याच वर्षीचा ‘वॉनाक्राय’चा हल्ला या हिशेबात नीट बसत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी ती न बसविलेले संगणक बाधित झाले, एकाची बाधा दुसऱ्यास झाली आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. येथे निष्काळजीपणा एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला. त्यासाठी धारकाने जाळ्याचे तंत्र शिकण्याची गरज नव्हती. आपल्या यंत्रास दुरुस्त्या मिळतात का, एवढेच ठाऊक हवे होते. विंडोज १० च्या नियमित मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. आपल्या विभागातील संगणकावर काय चालते, हे किती प्राध्यापकांस सांगता येईल?