ओडिऑन : भराभर भरलेला तक्ता

सभागृह बांधण्याआधीच त्यात आवाज कसा ऐकू येईल, हे सांगणाऱ्या संगणकप्रणाली आज अनेक आहेत. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठात १९८४ साली सुरू झालेल्या कामातून पुढे आलेली ‘ओडिऑन’ ही त्यांतली एक प्रमुख. तिच्या एकाच भागाचे परीक्षण येथे करायचे आहे. तो म्हणजे खोलीच्या पृष्ठभागांना पदार्थ नेमून देण्याचा भाग.

संगणकातले सभागृह शेकडो सपाट तुकड्यांचे बनलेले असते. कोणता तुकडा गिलाव्याचा, कोणता लाकडाचा, कोणता पडद्याचा, हे आपणच सांगायचे असते. प्रत्येक पदार्थासाठी ६३ पासून ८००० हर्ट्झपर्यंत आठ सप्तकांचे ध्वनिशोषण गुणांक यादीत असतात. गुणांक शून्य म्हणजे सगळा ध्वनी परत येतो. गुणांक एक म्हणजे उघडी खिडकी. गेलेला ध्वनी परत येत नाही.

हे काम सोपे करण्यात ओडिऑनने कसर ठेवलेली नाही. अनेक पृष्ठभाग एकदम निवडून त्यांना एकच पदार्थ देता येतो. एक पदार्थ काढून सगळीकडे दुसरा बसवता येतो. नेमणूक चालू असतानाच निनादकालाचा, म्हणजे ध्वनी ६० डेसिबेलने क्षीण व्हायला लागणाऱ्या वेळेचा, झटपट अंदाजही मिळतो. या शेवटच्या सोयीचे विशेष कौतुक करायला हवे, कारण आपल्या निवडीचा परिणाम ती लगेच दाखवते.

तरीही एक मूलभूत उणीव राहते. तक्त्यात गुणांक दिसतो, पण त्याची खात्री किती, हे दिसत नाही. दारालाही एक ओळ आणि छतालाही एकच ओळ. दोन्हींपुढे दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे तितक्याच ठामपणे उभे असतात.

याने काय बिघडते, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहू. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच असा रिकामा वर्ग घ्या. घनफळ १४४ घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून १८० चौरस मीटर. अमेरिकेतील वॉलेस सॅबीन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगांतून मिळालेले सूत्र असे : निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले त्याचा गुणांक, यांची बेरीज. सगळा वर्ग कठीण गिलाव्याचा आणि फरशीचा मानून गुणांक ०.०२ धरला, तर निनादकाल सुमारे ६.४ सेकंद येतो. तोच ०.०३ धरला, तर ४.३ सेकंद! गिलाव्यासाठी यादीत ०.०२ निवडावे की ०.०३, याचा कुणी क्षणभरही विचार करत नाही. पण उत्तर दोन सेकंदांनी हलते.

आता त्याच वर्गात ४० विद्यार्थी बसवा. प्रत्येकाचे शोषण ०.४ चौरस मीटर धरू. मग भिंतींचा गुणांक ०.०२ असो वा ०.०३, निनादकाल अनुक्रमे १.२ आणि १.१ सेकंद येतो. भिंतींबद्दलची शंका जवळजवळ निरुपद्रवी झाली! पण भिंती ०.०२ वर ठेवून विद्यार्थ्यामागे ०.३ धरले तर १.५ सेकंद आणि ०.५ धरले तर १ सेकंद. म्हणजे शंका नाहीशी झाली नाही, भिंतीवरून बाकावर सरकली. दोन चौरस मीटरच्या दाराचा गुणांक मात्र ०.०५ चा दुप्पट केला तरी एकूण शोषणात अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो.

म्हणून पदार्थ नेमण्यातली खरी कार्यक्षमता बोटांच्या वेगात नाही. क्षेत्रफळाला गुणांकातील शंकेने गुणा आणि ज्याचा गुणाकार मोठा, त्याच्यावर आधी वेळ खर्च करा. उरलेले दहा-वीस तुकडे एकगठ्ठा भरले तरी चालेल.

ही शंका कल्पनेतली नाही. ब्राउनश्वाइग येथील जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेच्या सभागृहावर अनेक प्रणालींची तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष १९९५ साली मांडले गेले. पहिल्या फेरीत सहभागींना आराखडे आणि पदार्थांची वर्णने दिली होती. गुणांक ज्याने त्याने ठरवायचे होते. उत्तरे चांगलीच पांगली. दुसऱ्या फेरीत सर्वांना एकच गुणांक दिले, तेव्हा ती जवळ आली. पांगापांगीचा मोठा वाटा गणिताचा नव्हता, नेमणुकीचा होता. गुणांकांचे मापनही निर्दोष नसते. निनादकक्षात नमुन्याच्या कडांमुळे कधीकधी तो एकाहून अधिक येतो. उघड्या खिडकीहूनही जास्त शोषण!

ओडिऑनमध्ये आणखी एक सोय आहे. प्रत्यक्ष मोजलेल्या निनादकालाशी उत्तर जुळेपर्यंत गुणांक आपोआप बदलून देणारी. ती उपयुक्त आहे, पण जपून वापरावी. एकच बेरीज अनेक संख्यांनी साधता येते. शोषण छतावर आहे की मागच्या भिंतीवर, हे चुकले तरी एकूण निनादकाल जुळू शकतो. मग त्या प्रतिकृतीत छत बदलून पाहिल्यावर मिळणारे उत्तर मात्र फसवे असते.

प्रणाली चांगली आहे; तिच्या तक्त्यात एका रकान्याची उणीव आहे. गुणांकाशेजारी ‘कमीत कमी’ आणि ‘जास्तीत जास्त’ अशा दोन संख्या मागितल्या असत्या, तर उत्तरही एका आकड्याऐवजी एका पट्ट्यात आले असते. तो अधिक प्रामाणिक असता. तोवर हा रकाना वापरणाऱ्यानेच आखावा. शिक्षकांना यासाठी संगणकही नको. आपल्या वर्गाची मोजमापे घेऊन विद्यार्थ्यांकडून हाच तक्ता करून घ्या आणि शेवटी विचारा, कोणत्या ओळीतली चूक आपल्याला परवडणार नाही?