निसर्गशिक्षकाची उमेदवारी आणि तीन पुस्तके

सुताराची, शिंप्याची, वैद्याची उमेदवारी आपल्याला ठाऊक असते. जाणत्याच्या हाताखाली काही वर्षे काढायची, आधी नुसते पाहायचे, मग लहानसहान काम करायचे आणि हात बसला की स्वतंत्र व्हायचे. निसर्ग शिकवणाऱ्यालाही अशा उमेदवारीची गरज असते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी मनावर घेत नाही. ज्याला झाडे-पाखरे ओळखता येतात त्याला ती शिकवताही येत असणार, असे आपण धरून चालतो.

अमेरिकेत या उमेदवारीला बरीच जुनी परंपरा आहे. १९५५ साली व्हॅसर कॉलेजातील एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात एक योजना मांडली. राष्ट्रीय उद्यानांना मनुष्यबळ कमी पडते, तेव्हा तेथील कामाला विद्यार्थ्यांनी हातभार लावावा, अशी ती योजना होती. १९५७ मध्ये ऑलिंपिक आणि ग्रँड टीटन या उद्यानांत पहिले विद्यार्थी दाखल झाले आणि त्यातून स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था वाढली. आज तेथील अनेक निसर्गकेंद्रांत पर्यावरण शिक्षणाचे उमेदवार असतात. नवा उमेदवार प्रथम अनुभवी शिक्षकाच्या मागून चालतो, नंतर सहलीतला एखादा टप्पा सांभाळतो आणि अखेरीस मुलांचा गट स्वतः घेऊन जातो. त्या वेळी कोणीतरी जाणते माणूस मागे उभे राहून पाहत असते.

आपल्याकडे अहमदाबादचे पर्यावरण शिक्षण केंद्र १९८४ पासून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करत आले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचेही गोरेगावला शिक्षण केंद्र आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा बजावले, तेव्हा हे काम येऊन पडले ते तुमच्या-आमच्यासारख्या वर्गशिक्षकांवर. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जवळपास असे केंद्र नाही. त्यांची उमेदवारी व्हायची तर ती पुस्तकाच्या आधाराने. म्हणून या क्षेत्रात नावाजलेली तीन पुस्तके येथे तपासून पाहायची आहेत. तिन्ही इंग्रजीत आणि तिन्ही अमेरिकेतली आहेत. शिकवणाऱ्याला ती काय शिकवतात, एवढाच येथे प्रश्न आहे.

पहिले पुस्तक फ्रीमन टिल्डन यांचे 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' (१९५७). टिल्डन हे मूळचे पत्रकार व कादंबरीकार. राष्ट्रीय उद्यानांतील मार्गदर्शक लोकांशी कसे बोलतात हे त्यांनी हिंडून पाहिले आणि सहा तत्त्वे मांडली. सांगायची गोष्ट ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी जोडा. श्रोत्याला नुसते शिकवण्यापेक्षा त्याचे कुतूहल चाळवा. मुलांसाठीचा कार्यक्रम म्हणजे मोठ्यांच्या कार्यक्रमात पाणी घालून केलेली पातळ आवृत्ती नव्हे, त्याची मांडणीच वेगळी हवी. हे सारे आजही पटते. पण त्यांच्या दुसऱ्या तत्त्वाचे दोन भाग आहेत. नुसती माहिती म्हणजे उलगडा नव्हे, हा पहिला. मात्र प्रत्येक उलगडा माहितीवरच उभा असतो, हा दुसरा. पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे, दुसरा कोणाच्या लक्षात राहत नाही. परिणाम असा की, 'माहिती महत्त्वाची नाही, मुलांना मजा आली पाहिजे' असे म्हणणारा शिबिरचालक आपल्यालाही जागोजाग भेटतो. हा दोष टिल्डन यांचा नाही. पण त्यांचे पुस्तक तत्त्वे सांगून थांबते. सोमवारी सकाळी चाळीस मुलांपुढे उभे राहून काय करायचे, ते त्यात सापडत नाही.

ही उणीव दुसऱ्या पुस्तकाने भरून काढली, म्हणूनच ते इतके लोकप्रिय झाले असावे. जोसेफ कॉर्नेल यांचे 'शेअरिंग नेचर विथ चिल्ड्रन' १९७९ मध्ये निघाले. (या कॉर्नेल यांची आणि पुढे येणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाची गल्लत करू नये.) पुस्तक लहानसे आहे आणि त्यात खेळच खेळ आहेत. डोळे बांधलेल्या मुलाला एका झाडाजवळ न्यायचे, त्याला साल, मुळे, ढोल्या चाचपू द्यायच्या, फिरवून परत आणायचे आणि पट्टी सोडल्यावर 'आता तुझे झाड शोध' म्हणायचे. हा खेळ उत्तम आहे. मूल हातांनी जी बारीक निरीक्षणे करते, ती डोळ्यांनी एरवी केली नसती. वाटवाघूळ आणि पतंग यांचा खेळही असाच. त्यात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधणे म्हणजे काय, हे मुलांच्या अंगात भिनते.

पण याच पुस्तकात स्टेथोस्कोपने झाडाचे 'हृदयाचे ठोके' ऐकण्याचाही एक खेळ आहे आणि तेथे आपण विज्ञानशिक्षकांनी थांबले पाहिजे. झाडाला हृदय नसते. पानांतून बाष्प उडून जाते, त्या ओढीने काष्ठवाहिन्यांतला पाण्याचा सलग स्तंभ वर खेचला जातो. त्याला कोणी ठोक्याठोक्याने पंप करत नाही. खोडाला लावलेल्या स्टेथोस्कोपमधून येणारा आवाज बहुधा वाऱ्याचा, हलणाऱ्या फांद्यांचा किंवा आपल्याच हाताच्या हालचालीचा असतो. गंमत म्हणजे खरी हकीकत या कल्पनेपेक्षा सरस आहे. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी कोमेजत्या एरंडाच्या पानाला संवेदक जोडले. ध्वनी पुष्कळ मोठा केल्यावर त्यांना बारीक टिकटिक ऐकू आली. पाण्याचा ताणलेला स्तंभ तुटून वाहिनीत पोकळी निर्माण होण्याचा तो आवाज होता. म्हणजे झाडाकडून आवाज आला खरा, पण तो तहानेचा. एरंड आपल्याकडे गावोगावच्या उकिरड्यावर उगवतो. ही गोष्ट माहीत असलेला शिक्षक खोटे ठोके कशाला ऐकवील? ज्याला ती माहीत नाही तो उमेदवार मात्र पुस्तकावर विश्वास ठेवतो, आणि झाडाला हृदय असल्याची समजूत घेऊन मूल घरी जाते. पुढे दहावीत ती पुसून काढण्याचे काम दुसऱ्याच कोणा शिक्षकावर येते.

कॉर्नेल यांचा जिव्हाळा खरा आहे. आधी पाहू द्या, बोलायचे ते नंतर, हा त्यांचा आग्रह सोन्यासारखा आहे. तरीही हे पुस्तक उमेदवाराला खेळ घ्यायला शिकवते, निसर्ग पाहायला शिकवत नाही. खेळ संपला आणि एखाद्या मुलीने 'बाई, या सालीवर हे पांढरे काय आहे?' असे विचारले, तर तेथे हे पुस्तक उपयोगी पडत नाही.

तिसरे पुस्तक सर्वांत जुने आहे. अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांचे 'हँडबुक ऑफ नेचर स्टडी' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा जन्म ध्यानात घेण्यासारखा आहे. १८९१ ते १८९३ या काळात न्यूयॉर्क राज्यातील शेती मंदीत सापडली आणि तरुण माणसे खेडी सोडून शहरात जाऊ लागली. मुलांना लहानपणीच आपल्या परिसराची गोडी लागली तर हे थांबेल, अशा विचाराने कॉर्नेल विद्यापीठाने खेड्यांतल्या शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाच्या पत्रिका काढल्या. त्या कामात लिबर्टी हाइड बेली यांच्याबरोबर कॉमस्टॉक होत्या. त्या लाकडावर कोरून कीटकांची चित्रे करणाऱ्या कुशल कलावंत होत्या. शिक्षकांसाठी त्यांनी टपालाने पाठवलेल्या पाठांतून हा ग्रंथ तयार झाला. म्हणजे जवळ केंद्र नाही, मार्गदर्शक नाही, एकटीवर सारी शाळा आहे, अशा बाईंसाठीच तो लिहिला गेला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेला ही परिस्थिती निराळी सांगायला नको. शेतीवरचे संकट त्यामुळे टळले का, हा वेगळा प्रश्न. शाळेने लावलेल्या गोडीने शेतमालाचे भाव वाढत नसतात.

ग्रंथ नऊशे पानांवर आहे. प्रत्येक प्राण्याची किंवा वनस्पतीची आधी शिक्षकासाठी हकीकत येते, नंतर पाठ. पाठात मुख्य विचार, पद्धत आणि मग निरीक्षणासाठी प्रश्न. या प्रश्नांत ग्रंथाचे मोल आहे. कोंबडीचे पाय कसे आहेत? ती खाली वाकून उकरते तेव्हा काय करते? अशा प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसून समोरच्या कोंबडीत असतात. ती मिळवण्यासाठी शिक्षकालाही खाली बसावे लागते. टिल्डन उमेदवाराला तत्त्व देतात, कॉर्नेल खेळ देतात. कॉमस्टॉक त्याचे डोळे तयार करतात. आपल्याला ठाऊक नाही असे शिक्षकाने उघडपणे म्हणावे आणि मुलांसह शोधायला लागावे, असे त्यांनी स्वतंत्र प्रकरण करून सांगितले आहे. मुलाची निरीक्षणवही ही त्याची खासगी मालमत्ता आहे, तीत शुद्धलेखनाच्या चुका काढीत बसू नये, हेही. वह्या तपासण्याचा आपल्याकडचा उत्साह पाहता हे पान शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवावे असे वाटते.

दोषही कमी नाहीत. कविता आणि भावुक वर्णने वारंवार मध्ये येतात, प्राण्यांना माणसाचे स्वभाव चिकटवले जातात. मुख्य विचार पाठाच्या आरंभीच छापल्यामुळे घाईतला शिक्षक तोच फळ्यावर लिहून मोकळा होतो. पाठ दहा मिनिटांपासून फार तर अर्ध्या तासाचा असावा असे बाई स्वतः सांगतात आणि एकेका पाठाला प्रश्न मात्र ढीगभर देतात. ते सगळे ओळीने विचारले तर निसर्ग-अभ्यासाची तोंडी परीक्षा होते. कोणते तीन निवडायचे, हे ग्रंथ सांगत नाही.

शिवाय नुसते भाषांतर करून भागत नाही. कॉमस्टॉक यांनी मोनार्क फुलपाखरावर पाठ दिला आहे. त्याची अळी मिल्कवीडवर वाढते. आपल्याकडे त्या कुळातली रुई माळावर, रस्त्याच्या कडेला कुठेही सापडते आणि तिच्यावर मोनार्कचाच भाऊबंद, इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात ते नारिंगी फुलपाखरू अंडी घालते. मोनार्कच्या अळीला काळ्या, दोऱ्यासारख्या तंतूंच्या दोन जोड्या असतात, आपल्या अळीला तीन. भाषांतरित पुस्तक हाती धरून 'दोन जोड्या दिसल्या का?' असे विचारणारा शिक्षक, तीन मोजणाऱ्या मुलाला चूक ठरवील. निसर्ग शिकवताना याहून मोठा अपराध नाही. तेव्हा घ्यायची ती प्रश्नांची रीत, मजकूर आपल्या माळावरचा. अंडे पानाच्या कोणत्या बाजूला आहे? एका पानावर किती? अळीने पान खाण्याआधी देठ किंवा मधली शीर कुरतडली आहे का? तसे असेल तर पानाच्या टोकाकडून चीक किती येतो आणि देठाकडून किती? (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, तो फार अपायकारक असतो. पान शिक्षकानेच तोडावे आणि लगेच हात धुवावेत.) शेळी जे झाड टाळते ते ही अळी खाते, मग अळीला कोण खाते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका तासात मिळणार नाही. आठवडाभर त्या झाडाकडे जावे लागेल.

एवढे सारे पुस्तकातून मिळाले तरी एक गोष्ट उरते. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हाच अवधी तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांबतात आणि मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात. रुईच्या झाडापाशी तर तीन सेकंदही थोडे आहेत. तेथे मिनिटभर गप्प बसता आले पाहिजे, आणि आपण गप्प बसलो नाही हे बोलणाऱ्याला स्वतःला कळत नाही. ते मागे उभा राहून पाहणाऱ्याला कळते. उमेदवारीत नेमके हे मागे उभे असलेले माणूस असते. आपल्या सेवांतर्गत प्रशिक्षणांत व्याख्याने असतात, पुस्तिका असतात, क्वचित सहलही असते. मात्र प्रशिक्षणार्थीला मुलांबरोबर झाडापाशी सोडून तो किती बोलला हे शांतपणे टिपणारे बहुधा कोणी नसते.

त्याला खर्च लागत नाही. एकाच शाळेतले दोन शिक्षक हे एकमेकांसाठी करू शकतात. एकाने मुलांना घेऊन माळावर जावे, दुसऱ्याने घड्याळ आणि वही घेऊन मागे राहावे आणि पुढच्या शनिवारी अदलाबदल करावी. वहीत दोनच रकाने पुरेत: शिक्षक किती वेळ बोलला आणि मुलांनी स्वतःचे असे किती प्रश्न विचारले. कॉमस्टॉक यांचा ग्रंथ जुना असल्याने आता मुक्तपणे वाचायला मिळतो. त्यातला कोंबडीचा पाठ सुरुवातीला बरा, कारण कोंबडी शोधायला कुठे जावे लागत नाही.